लोनवर गेलेल्या खेळाडूचा हंगाम कसा वाचावा

प्रश्न थोडक्यात असा आहे: आपल्या प्रीमियर लीग क्लबने यंदा आठ-दहा तरुण खेळाडू लोनवर, म्हणजे ठरावीक काळासाठी दुसऱ्या क्लबकडे उसने, पाठवले आहेत. त्यांतला १९ वर्षांचा एक विंगर (कडेने चढाई करणारा खेळाडू) लीग वनमध्ये, म्हणजे इंग्लंडमधल्या तिसऱ्या स्तरावर, खेळतोय. १२ सामन्यांत त्याचा एकच गोल झालाय आणि चाहते त्याला आत्ताच मोडीत काढायला निघालेत. अशा मुलांचा माग कसा ठेवायचा, आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा, आणि खालच्या लीगचं फुटबॉल मुद्दाम वेळ काढून पाहावं असं त्यात काही आहे का?

इंग्लंडमधल्या खालच्या लीगवर मी बरीच वर्षं लिहितो आहे आणि लोनवरच्या खेळाडूंचे अहवाल हा त्या कामाचा मोठा भाग आहे. माझं सांगणं एवढंच, की खेळाडूकडे नंतर बघा. आधी तो ज्या क्लबकडे गेलाय त्या क्लबकडे बघा. त्या क्लबला तो कशासाठी हवा होता, हे समजल्याशिवाय ॲपवरचा गोलांचा रकाना पाहून निकाल देणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.

मॉर्गन रॉजर्सचं बघा. जानेवारी २०२१ मध्ये मँचेस्टर सिटीने त्याला लिंकन सिटीकडे लोनवर दिलं, तेव्हा तो १८ वर्षांचा होता. मॅनेजर (मुख्य प्रशिक्षक) मायकेल ॲपलटन यांचा लिंकन लीग वनमध्ये बढतीसाठी झुंजत होता. हाताशी पैसा कमी, त्यामुळे संघाची बांधणीच उसन्या तरुणांभोवती झालेली: नॉटिंगहॅम फॉरेस्टचा ब्रेनन जॉन्सन तिथे लोनवर होता, गोलात वेस्ट ब्रॉमविचचा ॲलेक्स पामर होता, तोही लोनवरच. रॉजर्स त्या साच्यात लगेच बसला. लिंकन मे २०२१ मध्ये वेम्ब्लीला प्ले-ऑफची (बढतीची शेवटची जागा ठरवणाऱ्या फेरीची) अंतिम लढत ब्लॅकपूलकडून १-२ असा हरला, पण रॉजर्स आणि जॉन्सन या दोन्ही पोरांचं नाव झालं. पुढच्या हंगामात मँचेस्टर सिटीने रॉजर्सला एक पायरी वर, चॅम्पियनशिपमध्ये बॉर्नमथला पाठवलं. कागदावर ही प्रगती होती. पण बॉर्नमथला त्याच वर्षी वर जायचं होतं आणि त्यासाठी त्यांच्याकडे तयार खेळाडू होते. बॉर्नमथ वर गेला, रॉजर्सच्या वाट्याला मात्र बदली म्हणून मिळालेली थोडी मिनिटंच आली. खेळाडू तोच होता, वर्षभराने अनुभवीही झालेला. बदलली होती ती क्लबची गरज. पुढे ब्लॅकपूल, मग कायमचा मिडल्सब्रो, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ॲस्टन व्हिला, असं करत तो इंग्लंडच्या संघात पोहोचला. जॉन्सनने फॉरेस्टला परतून २०२२ मध्ये त्यांच्या बढतीत मोठा वाटा उचलला आणि २०२५ च्या युरोपा लीग अंतिम सामन्यात टॉटेनहॅमसाठी एकमेव गोल त्याच्याच नावावर लागला. बॉर्नमथच्या त्या हंगामात रॉजर्सबद्दल काय काय बोललं जात होतं, ते आज कुणाला आठवतही नाही.

म्हणून लोनची बातमी आली की मी पहिल्यांदा त्या क्लबची संघयादी उघडतो. त्या जागेवर आधीपासून कोण आहे, तो किती वर्षांचा आहे, गेल्या हंगामात किती खेळला, हे बघतो. मग मॅनेजर किती दिवस टिकेल याचा अंदाज घेतो. हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. लोनवरचा खेळाडू आणलेला असतो तो बहुतेकदा मॅनेजरच्या शब्दावर. तो मॅनेजर ऑक्टोबरमध्ये गेला, तर नव्या माणसाला त्या पोराशी काही देणंघेणं नसतं. पोराला घडवून विकता येणार नाही, मेमध्ये तो परत जाणार. मग क्लबच्या स्वतःच्या २६ वर्षांच्या, साधारण पण भरवशाच्या खेळाडूला संधी मिळते आणि आपला पोरगा बाकावर जातो. यात त्याचं काही चुकलेलं नसतं.

आता आकड्यांबद्दल. इंग्लिश फुटबॉल लीगच्या (ईएफएल) तिन्ही विभागांत, म्हणजे प्रीमियर लीगखाली क्रमाने येणाऱ्या चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू मध्ये, प्रत्येकी २४ संघ आणि ४६ सामने. म्हणजे हंगामात जास्तीत जास्त ४,१४० मिनिटं. माझ्या लेखी पहिला आकडा मिनिटांचा. विशीच्या आतल्या खेळाडूने त्यातली निम्मी मिनिटं खाल्ली आणि त्यातली बहुतेक सुरुवातीच्या अकरांत, तर लोन सफल, मग गोल कितीही असोत. मिनिटं कधी मिळाली हेही बघा. ८२ व्या मिनिटाला, आघाडी टिकवायची असताना मॅनेजर त्याला आत पाठवतो का? तसं असेल तर तो त्याच्यावर विश्वास ठेवू लागला आहे. ०-३ असताना शेवटची दहा मिनिटं मिळणं ही निव्वळ खिरापत.

हॅरी केनचा लोनचा काळ नुसत्या आकड्यांत पाहिला तर तो पुढे टॉटेनहॅमचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू होईल असं कुणी म्हटलं नसतं. लेटन ओरिएंटकडे लीग वनमध्ये १८ सामने, ५ गोल. मिलवॉलला बरं गेलं. नॉर्विचला पायाच्या दुखापतीने घात केला. लेस्टरला तो बऱ्याचदा बाकावर होता, शेजारी जेमी वार्डी. पण मिलवॉल तेव्हा चॅम्पियनशिपमधून खाली घसरण्याच्या भीतीत होता आणि त्या दडपणात त्यांनी त्याला सलग खेळवलं, ही गोष्ट लेस्टरच्या आकड्यांपेक्षा कितीतरी मोलाची होती. (जाता जाता: २०२० मध्ये, साथीच्या काळात, याच केनने ओरिएंटच्या जर्सीचं प्रायोजकत्व घेतलं. लोनवर गेलेले सगळेच क्लबला विसरत नाहीत.)

खेळाडूची जागा कुठली, यावरही बरंच अवलंबून असतं. गोलरक्षकांचं गणित अगदी वेगळं. जागा एकच, त्यामुळे ते लवकर आणि फार खाली पाठवले जातात. जॉर्डन पिकफर्ड जानेवारी २०१२ मध्ये सतराव्या वर्षी सन्डरलंडहून डार्लिंग्टनला गेला, तेव्हा तो क्लब पाचव्या स्तरावर होता, दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर, प्रशासकाच्या ताब्यात. पोरगा आठवड्यामागून आठवडे गोल खात राहिला. पुढे आल्फ्रेटन, बर्टन, कार्लाइल, ब्रॅडफर्ड, प्रेस्टन अशा एकेक पायऱ्या. २०१८ च्या विश्वचषकात तो इंग्लंडचा गोलरक्षक होता. निक पोपला चार्लटनने हॅरो बरो, वेलिंग, केंब्रिज सिटी, ऑल्डरशॉट, यॉर्क, बरी असं फिरवलं. एमिलियानो मार्टिनेझ आर्सेनलकडून दहा वर्षांत ऑक्सफर्ड, शेफील्ड वेन्सडे, रॉदरहॅम, वुल्व्ज, हेताफे, रेडिंग एवढे क्लब पालथे घालून आला आणि २०२२ मध्ये अर्जेंटिनाबरोबर विश्वविजेता झाला. या मुलांनी तिथे काय शिकलं? कॉर्नरच्या वेळी तीस-बत्तीस वर्षांचा, ९० किलोचा सेंटर-बॅक (मधला बचावपटू) अंगावर रेलून उभा असताना चेंडू पकडायचा की ठोसा मारायचा, हे एकवीस वर्षांखालच्या लीगमध्ये शिकता येत नाही. तिथे कुणी अंगावर येत नाही, आणि चुकलं तर कुणाचा बोनस बुडत नाही, की कुणाची नोकरी जात नाही. म्हणून तरुण गोलरक्षकाने खाल्लेले गोल मी मोजत नाही. क्रॉससाठी (कडेने गोलासमोर मारलेल्या चेंडूसाठी) तो गोलरेषा सोडून बाहेर येतो का, आणि एकदा फजिती झाल्यावरही पुढच्या वेळी येतो का, एवढं बघतो.

सेंटर-बॅकचंही थोडं तसंच: लांबून हवेत आलेला चेंडू आणि त्या झटापटीनंतर मोकळा सुटणारा चेंडू, यातच त्याची परीक्षा. मधल्या फळीच्या खेळाडूबद्दल मला लवकर मत बनवता येत नाही, कारण लीग टू मध्ये कित्येकदा चेंडू त्याच्या डोक्यावरूनच जातो.

विंगर सगळ्यांत अवघड. गुणतक्त्यात तळाशी असलेला संघ सामन्याचा बहुतांश वेळ चेंडूविना खेळतो. तिथे विंगरचं पहिलं काम आपल्या फुलबॅकला (त्याच कडेच्या बचावपटूला) मदत करणं. चाहत्यांना दिसतो गोलांचा शून्य, मॅनेजरला दिसतं की ६० व्या मिनिटाला पोरगा मागे धावला की नाही. जॅक ग्रीलिशने २०१३-१४ मध्ये नॉट्स काउंटीकडून लीगमध्ये ३७ सामने खेळून ५ गोल केले. आकडा काही डोळे दिपवणारा नाही. पण तो संघ शेवटच्या दिवशी कसाबसा लीग वनमध्ये टिकला आणि एवढ्या ताणातल्या संघाने १८ वर्षांच्या पोराला ३७ वेळा मैदानात उतरवलं. त्या हंगामात वाचण्यासारखा आकडा तोच होता.

आता दुसरी बाजू, जी मोठ्या क्लबचे चाहते सहसा बघत नाहीत. प्लायमथ आर्गाइलने २०२२-२३ मध्ये १०१ गुण मिळवून लीग वन जिंकली. त्या संघात स्वॉन्सीचा मॉर्गन व्हिटेकर, नॉर्विचचा बाली मुंबा आणि ॲस्टन व्हिलाचा फिन अझाझ हे तिघे लोनवर होते. व्हिटेकर धडाक्यात खेळत होता आणि जानेवारीत स्वॉन्सीने करारातला हक्क वापरून त्याला परत बोलावलं. बढतीच्या ऐन शर्यतीत आघाडीचा मोहरा काढून घेतला, आणि प्लायमथच्या हातात करण्यासारखं काही नव्हतं. तरी ते जिंकले. उन्हाळ्यात त्यांनी पैसे मोजून व्हिटेकर आणि मुंबाला कायमचं घेतलं. व्हिटेकरने चॅम्पियनशिपमध्ये १९ गोल करून क्लबला तिथे टिकवण्यात मोठा हातभार लावला. अझाझ पुन्हा लोनवर आला होता, जानेवारी २०२४ मध्ये व्हिलाने त्याला बोलावून मिडल्सब्रोला विकलं. आणि त्यानंतर काही आठवड्यांतच मिडल्सब्रोहून व्हिलाला कोण गेलं? वर ज्याची गोष्ट सांगितली तो रॉजर्स. या बाजारात हे असं सतत चालू असतं. स्वॉन्सीच्या चाहत्याला जी ‘आमच्या मुलाची प्रगती’ वाटते, ती प्लायमथच्या चाहत्यासाठी अर्ध्या हंगामात झालेली लूट असते. दोन्ही बाजू ठाऊक असल्याशिवाय जानेवारीतल्या बातम्यांचा अर्थ लागत नाही.

कराराचे तपशील क्लब जाहीर करत नाहीत, पण त्यांचा साचा माहीत असावा. पगारातला किती वाटा कुणी भरायचा हे ठरतं. खेळाडूला ठरावीक सामन्यांत उतरवलं नाही तर लोन घेणाऱ्या क्लबने जास्त पैसे भरावेत, अशी अटही बऱ्याच करारांत असते. जानेवारीत परत बोलावण्याचा हक्क असतो किंवा नसतो. कायमच्या खरेदीचा पर्याय असू शकतो. त्यामुळे एखादा तरुण अचानक सलग चार सामने सुरुवातीपासून खेळू लागला, तर त्यामागे त्याचा फॉर्म असेल किंवा हिशेबनीसाचा एखादा फोनही.

नियमांमुळेही गोंधळ होतो. प्रीमियर लीगमध्ये लोनवरचा खेळाडू आपल्या मूळ क्लबविरुद्ध खेळू शकत नाही. एफए कपात (सगळ्या स्तरांच्या क्लबांच्या बाद स्पर्धेत) खेळायला मूळ क्लबची परवानगी लागते आणि ती पुष्कळदा मिळत नाही. सामन्याच्या यादीत लोनचे किती खेळाडू घ्यायचे यालाही खालच्या लीगमध्ये मर्यादा असते. बरीच वर्षं ती पाचावर होती. एखाद्या क्लबने उत्साहात मर्यादेहून जास्त लोन केले की दर शनिवारी कुणीतरी कपडे न बदलता स्टँडमध्ये बसतो. म्हणून नाव यादीत दिसलं नाही की लगेच ‘दुखापत’ किंवा ‘भांडण’ असा निष्कर्ष काढू नका. आधी ही कारणं तपासा.

एके काळी चेल्सीसारख्या क्लबचे चाळीसच्या आसपास खेळाडू एकाच वेळी बाहेर असत. फिफाने जुलै २०२२ पासून आंतरराष्ट्रीय लोनवर संख्येची मर्यादा आणली. ती आधी आठ, मग सात आणि जुलै २०२४ पासून सहा झाली. २१ वर्षांपर्यंतचे आणि क्लबने स्वतः घडवलेले खेळाडू त्यातून वगळले आहेत. त्यामुळे आता परदेशी लोनवर दिसतात ते बहुतेक लहान वयाचे, आणि लोन निवडताना क्लब जास्त विचार करतात. या कामासाठी वेगळी माणसं असतात. लिव्हरपूलमध्ये लोनचं काम बघणारे ज्युलियन वॉर्ड पुढे तिथेच स्पोर्टिंग डायरेक्टर (खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचे प्रमुख) झाले, आर्सेनलचे बेन नॅपर नॉर्विचला त्याच पदावर गेले. एवढ्यावरून हे काम किती गांभीर्याने घेतलं जातं ते समजावं.

लोन फक्त श्रीमंतांकडून गरिबांकडे जातं असंही नाही. ऑली वॉटकिन्स एक्सेटर सिटीचा, म्हणजे लीग टू मधल्या क्लबचा पोरगा. त्याला त्यांनी २०१४ मध्ये आणखी खाली, वेस्टन-सुपर-मेअरला पाठवलं होतं. नॅशनल लीग (पाचवा स्तर) आणि त्याखाली तरुणांचे छोटे लोन हंगामाच्या मध्येही होतात, ट्रान्सफर विंडोचं (खेळाडूंच्या अदलाबदलीसाठी उन्हाळ्यात आणि जानेवारीत ठरवलेल्या मुदतीचं) तितकं बंधन नसतं. तुमच्या क्लबच्या अकादमीतला १८ वर्षांचा मुलगा महिनाभरासाठी कुठे गेला, ही बातमी बहुधा त्या छोट्या क्लबकडूनच आधी कळते.

पाहायचं कसं? ब्रिटनमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत फुटबॉलचं थेट प्रक्षेपण करता येत नाही, आणि खालच्या लीगचे बहुतेक सामने नेमके तीन वाजता असतात. पण २०२४-२५ पासूनच्या नव्या करारामुळे स्काय ही वाहिनी दर हंगामात या लीगचे हजाराहून जास्त सामने दाखवते, मंगळवार-बुधवारच्या रात्रीचे तर भरपूर. मी नवख्याला नेहमी मंगळवारची रात्र सुचवतो. शनिवारी खेळलेला संघ तीन दिवसांत पुन्हा उतरतो, मैदान जड असतं, आणि अकादमीत वाढलेला मुलगा अशा वेळी काय करतो ते लख्ख दिसतं. पूर्ण ९० मिनिटं बघा. दोन मिनिटांच्या क्षणचित्रांत फक्त चेंडूजवळ घडलेलं दिसतं. एका अर्ध्यात पंधरा मिनिटं चेंडू सोडून फक्त आपल्या खेळाडूकडे बघा: चेंडू गेल्यावर तो काय करतो, सहकारी त्याला चेंडू देतात की टाळतात. ड्रेसिंग रूमचा विश्वास मिळाला की नाही, हे इथे कळतं.

सामना बघायला मिळाला नाही, तर स्थानिक रेडिओचं समालोचन ऐका आणि त्या गावचं वृत्तपत्र वाचा. तिथला वार्ताहर प्रत्येक सराव-दिवसाला हजर असतो, त्याची एक ओळ राष्ट्रीय दैनिकाच्या अख्ख्या लेखापेक्षा जास्त सांगते. लोन घेणाऱ्या क्लबच्या चाहत्यांचं मतही जमेला धरा, कारण त्यांना तुमच्या पोराचं कौतुक करण्यात काही फायदा नसतो. २०२२-२३ मध्ये बोल्टनच्या लोकांनी लोनवर आलेल्या कॉनर ब्रॅडलीला मोसमातला सर्वोत्तम खेळाडू ठरवलं. त्याच हंगामात बोल्टनने वेम्ब्लीत प्लायमथला ४-० हरवून ईएफएल ट्रॉफी (खालच्या लीगच्या क्लबांची कप स्पर्धा) जिंकली. लिव्हरपूलच्या बहुतेक चाहत्यांना त्याची ओळख पटली ती ३१ जानेवारी २०२४ ला, चेल्सीविरुद्ध ४-१ च्या विजयात त्याने एक गोल केला आणि दोन करवले तेव्हा. बोल्टनवाल्यांना वर्षभर आधीच ठाऊक होतं.

सगळ्यांचा माग ठेवायला जाऊ नका, दमून सोडून द्याल. एका हंगामात दोन खेळाडू आणि त्यांतल्या एकाचा क्लब, एवढं पुरे. हळूहळू असं होतं, की तुमचा खेळाडू जानेवारीत परत गेला तरी तुम्ही त्या क्लबचा निकाल बघत राहता. तिथल्या गोष्टी अस्सल असतात. ल्यूटन २०१४ मध्ये नॉन-लीगमधून (ईएफएलच्या खालून) वर आला आणि २०२३ मध्ये प्रीमियर लीगला पोहोचला. पेली रडक म्पान्झू हा एकच खेळाडू त्या क्लबबरोबर सगळे टप्पे चढला. आणि बरी, जिथे निक पोप लोनवर गेला होता, तो क्लब ऑगस्ट २०१९ मध्ये पैशांच्या गोंधळापायी लीगमधून काढला गेला. एवढ्या वर्षांचा क्लब असा लीगबाहेर फेकला गेल्यावर त्या गावातली शनिवारची दुपार कशी गेली असेल, हे वरच्या लीगच्या चाहत्याला कळणं कठीण.

आता तुमच्या विंगरकडे येतो. १२ सामन्यांत एक गोल, यावरून मी काहीच म्हणणार नाही. त्या १२ पैकी किती सामन्यांत तो सुरुवातीपासून होता, कोणत्या बाजूला, आणि किती वेळा विंग-बॅक (कडेने बचाव आणि चढाई दोन्ही करणारा) म्हणून खेळवला गेला, ते आधी पाहा. संघ तक्त्यात कुठे आहे आणि ज्या मॅनेजरने त्याला आणलं तो अजून आहे का, तेही पाहा. मॅनेजर तोच असेल आणि नोव्हेंबरमध्येही पोरगा सुरुवातीच्या अकरांत असेल, तर निवांत राहा. मॅनेजर बदलला असेल आणि सलग चार-पाच सामने तो बाकावर असेल, तर जानेवारीत क्लब त्याला परत बोलावून दुसरीकडे पाठवतो का यावर लक्ष ठेवा. तेव्हा नवा क्लब लीग टू मधला निघाला तरी नाराज होऊ नका. तिथल्या संघयादीत त्याच्या जागेवर कोण आहे, ते उघडून बघा.